भुयारातला गारवा

ग्वाल्हेरच्या माणसाला ऊन म्हणजे काय हे शिकण्यासाठी रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. मे महिन्यात आमच्या लष्कर भागात दुपारी बारानंतर जी लू वाहते, तिच्यापुढे परदेशातल्या उन्हाची मातब्बरी ती काय! तरीसुद्धा २०२५ च्या जून महिन्यात रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर भग्न भिंतींच्या सावल्या शोधीत हिंडताना मी आणि आमच्या सौ. अगदी मेटाकुटीस आलो होतो. आमची धाकटी कन्या संशोधनाच्या निमित्ताने त्या शहरी होती आणि तिच्याच आग्रहावरून शाळेच्या सुटीत आम्ही उभयता तेथे गेलो होतो. आमची दशा पाहून ती म्हणाली, “बाबा, आता तुम्हांला अशा जागी नेते, की तुम्हांला आजोबांच्या वाड्यातलं तळघर आठवेल.”

पाच-दहा पायऱ्या उतरताच खरोखरच जग बदलले. समोर एक लांबच लांब, अर्धवर्तुळाकार छताचा बोगदा होता. त्याची लांबी सुमारे १३० मीटर. एका बाजूला भिंत जेथे छताला मिळते तेथे ओळीने झरोके होते आणि त्यांतून तिरपा, गाळल्यासारखा प्रकाश जमिनीवर पडत होता. छताच्या एका भागावर चुन्याच्या नक्षीत कोरलेले चिमुकले पंखधारी बाल-कामदेव होते. ती प्रतिकृती असून मूळ तुकडे तेथल्याच संग्रहालयात ठेवले आहेत. सम्राट नीरोने (कारकीर्द इ. स. ५४ ते ६८) आपले राजवाडे एकमेकांना जोडण्यासाठी हा मार्ग बांधविला असे मानतात. वर ऊन रणरणत होते आणि खाली आषाढातल्या संध्याकाळसारखा गारवा होता. सौ. भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “सुख आहे हो इथं.”

या बांधकामाला ‘क्रिप्टोपोर्टिकस’ असे नाव आहे. ‘क्रिप्टोस’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ गुप्त, झाकलेला. ‘पोर्टिकस’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ खांबांची ओसरी. म्हणजे झाकलेली ओसरी. आम्हां भाषेच्या शिक्षकांना शब्दाची फोड केल्यावाचून वस्तू पाहिल्यासारखे वाटत नाही. पण या शब्दाने पुढे माझा जो पिच्छा पुरविला, त्याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

रोमन लोकांनी अशा ओसऱ्या कशासाठी बांधल्या, याची उत्तरे दोन आहेत. पहिले उत्तर व्यवहाराचे. शहराच्या मध्यभागी चौक हवा आणि चौक तर सपाट हवा; पण टेकडीच्या उताराला सपाटी कोठून येणार? मग उताराच्या बाजूला कमानींचे बोगदे बांधावयाचे आणि त्यांच्या पाठीवर फरसबंदी करावयाची. दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी इ. स. पूर्व ३० ते २० च्या सुमारास असेच केले गेले. तेथे घोड्याच्या नालासारख्या आकाराचे तीन जोडबोगदे जमिनीखाली आजही उभे आहेत. त्यांनी ज्या चौकाला आधार दिला तो चौक केव्हाच नाहीसा झाला, त्याच्या जागी पुढे दुसऱ्या इमारती आल्या, आणि खालचे बोगदे मात्र शतकानुशतके निमूटपणे भार वाहत राहिले. इटलीतील आओस्ता आणि पोर्तुगालमधील कोइंब्रा येथेही अशीच बांधकामे आहेत. कोइंब्रा येथील बोगदे तर दोन मजली असून त्यांच्यावर आधी बिशपचा वाडा आणि नंतर संग्रहालय उभे राहिले.

या टिकाऊपणाचे रहस्य साधे आहे. कमान आपल्यावरील ओझे खाली सोडताना दोन्ही बाजूंना रेटा देते. उघड्यावर हा रेटा सोसण्यासाठी जाडजूड भिंती लागतात. भुयारात ते काम दोन्ही बाजूंची माती फुकट करते. त्यात चुना आणि ज्वालामुखीची राख यांचे ते प्रसिद्ध रोमन मिश्रण. पाण्यातसुद्धा घट्ट होणारे हे मिश्रण ओतून त्यांनी अखंड छते घडविली. गारव्याचे कारणही मातीतच आहे. जमिनीखाली काही मीटरांवर उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याची थंडी पोहोचता पोहोचता विरून जातात आणि वर्षभराच्या सरासरीइतके तपमान तेथे कायम राहते. आमच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर (१४८६ ते १५१६) याने मानमंदिर बांधताना जमिनीखाली दोन मजले उतरविले, त्यामागेही हीच समज होती. पुढे मोगलांच्या काळात त्याच थंड दालनांचा तुरुंग झाला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर देहदंड देण्यात आला. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही त्या दालनांत आरोळ्या ठोकून प्रतिध्वनी ऐकत असू. जागा एकच, कोण आपल्या पायांनी उतरतो आणि कोणाला उतरविले जाते, एवढ्यावर तिला महाल म्हणावयाचे की कोठडी, हे ठरते.

दुसरे उत्तर सुखाचे आहे आणि ते धाकट्या प्लिनीच्या पत्रांत सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस आणि दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या या पत्रांत हा सुसंस्कृत रोमन वकील आपल्या मित्रांना आपली घरे खोलीखोलीने दाखवितो. रोमपासून सतरा रोमन मैलांवर समुद्रकाठी त्याचे एक घर होते. तेथल्या झाकलेल्या ओसरीचे वर्णन वाचताना माणूस हरखून जातो. दोन्ही बाजूंना खिडक्या. समुद्राकडे अधिक, बागेकडे कमी. हवा शांत असली की सगळ्या उघडावयाच्या. वारा सुटला की ज्या बाजूला वारा नाही तेवढ्याच. समोर व्हायोलेटच्या फुलांचा सुगंध. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्याच्या दुसऱ्या घरात तर एक ओसरी भुयारासारखीच होती. भर उन्हाळ्यात ती आपल्या स्वतःच्या गारव्याने गच्च भरलेली असे आणि बाहेरच्या वाऱ्याची तिला गरजच भासत नसे, असे तो कौतुकाने सांगतो.

समुद्रकाठच्या त्या ओसरीच्या टोकाला प्लिनीने स्वतःसाठी काही खोल्या बांधून घेतल्या होत्या. त्या त्याच्या विशेष लाडक्या. तेथल्या शेजघरात समुद्राची गाज ऐकू येत नाही, वादळाची चाहूल लागत नाही, विजेचा लखलखाट दिसत नाही आणि नोकरांचे, म्हणजे गुलामांचे, आवाजही पोहोचत नाहीत, असे तो अभिमानाने नोंदवितो. खोलीची भिंत आणि बागेची भिंत यांच्यामध्ये एक रिकामा बोळ ठेवलेला होता. सगळा आवाज तो बोळ गिळून टाकी.

ही पत्रे मी कन्येच्या खोलीवर इंग्रजी भाषांतरात वाचली. त्या एका यादीपाशी मी थबकलो. समुद्र, वादळ, वीज आणि माणसे. सगळ्यांची एकच जात, गोंगाट. प्लिनी दुष्ट नव्हता. आपल्या आजारी सेवकांविषयी त्याने कळवळून लिहिले आहे. पण चांगल्या माणसाच्या घरातही एक बोळ असतो आणि तो कशासाठी आहे हे त्याला कधी खुपत नाही.

दोन दिवसांनी आम्ही तिव्होलीजवळ सम्राट हेड्रियनचे प्रचंड निवासस्थान पाहावयास गेलो. रोमपासून ते सुमारे तीस किलोमीटरवर आहे. हेड्रियनची कारकीर्द इ. स. ११७ ते १३८ अशी. तलाव, स्नानगृहे, ग्रंथालये, अर्धगोल भोजनस्थाने असा तो सगळा विस्तार आहे. पण कन्येने आमचे लक्ष वेधले ते खाली. त्या परिसराच्या पोटात भुयारी रस्त्यांचे जाळे आहे. काही रस्ते गाड्या जाण्याइतके रुंद असून त्यांच्या छताला उजेडासाठी भोके ठेवलेली आहेत. या वाटांनी लाकूडफाटा, धान्य, मद्याची भांडी आणि ती वाहणारी माणसे ये-जा करीत. वर सम्राट आणि त्याचे पाहुणे सावलीत तत्त्वचर्चा करीत. गरम पाणी तयार असे, ताटे भरलेली असत, आणि ते सर्व कोणी केले हे डोळ्यांना दिसत नसे. एका विस्तीर्ण गच्चीच्या पोटाशी ओळीने लहान लहान कोठड्या आहेत. त्यांना ‘शंभर कोठड्या’ म्हणतात. त्या नोकरांच्या राहण्याच्या व सामानाच्या जागा असाव्यात असे अभ्यासकांचे मत आहे. कोणत्या दालनात कोण वावरत होते हे तेथे फरशीवरून ओळखता येते. धन्यांच्या पायाखाली रंगीत संगमरवर. इतरांच्या पायाखाली साधे काम.

त्या कोठड्यांसमोर उभा असताना मला ग्वाल्हेरच्या आमच्या वाड्यातले तळघर आठवले नाही. आठवला तो मागचा बोळ.

आमचा वाडा जुन्या पद्धतीचा होता. पुढे दिंडी, मग चौक, ओसरी, माजघर, आणि सर्वांत मागे टोपलीचे संडास. त्यांच्या मागून दोन भिंतींच्या मधोमध एक अरुंद बोळ गल्लीपर्यंत जात असे. संडासाच्या पाठीशी त्या बोळात उघडणारी लोखंडी पत्र्याची बुटकी दारे होती. पहाटे उजाडण्याच्या सुमारास तेथे पत्रा खरवडल्याचा आवाज येई. आजी आम्हां मुलांना सांगे, “थांब, आता मागं जाऊ नकोस. ती यायची आहे.” तिचा उल्लेख घरात जातीच्याच नावाने होई, ते मी येथे लिहीत नाही. बोळाची योजना अशी होती, की तिने घरात पाऊल टाकावयाचे नाही, आम्ही तिला पाहावयाचे नाही आणि घर मात्र स्वच्छ राहावयाचे. मी तिला कधीच पाहिले नाही. मला ठाऊक होता तो फक्त तिचा खोकला. कोरडा, दोनदा-तीनदा येणारा. त्या खोकल्यावरून मी मनाशी एक कृश, वाकलेली म्हातारी रंगविली होती.

पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. दर वर्षी दोन ऑक्टोबरला गांधीजयंतीच्या सभेत मी या म्हाताऱ्या आजीची गोष्ट सांगू लागलो. अशा संडासांना व या कामाला मनाई करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, त्याहून कडक असा दुसरा २०१३ मध्ये. ही माहितीही मी देत असे. गोष्ट मी चांगली सांगतो, असे लोक म्हणत. तिच्या खोकल्यापाशी आलो की माझा आवाज थोडा कापत असे आणि तो कापावा अशी माझीही खटपट असे, हे आज कबूल केले पाहिजे.

२०२३ च्या सभेनंतर एक पालक माझ्या खोलीत आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास. नगरपालिकेच्या कामगारांपैकी नव्हेत, एका खाजगी कचेरीत हिशेबनीस. त्यांची कन्या आमच्याकडे आठवीत होती. वाड्याचा ठावठिकाणा त्यांनी मला नेमका विचारला आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, “सर, वो बूढ़ी नहीं थी. मेरी माँ है. तब बाईस-तेईस की रही होगी.”

मला काही सुचेना. केवळ काही तरी बोलावयाचे म्हणून मी म्हणालो, “पण तो खोकला...” त्यावर ते म्हणाले, की आईला खोकल्याचा विकार कधीच नव्हता. ती मुद्दाम खोकत असे. आत कोणी बसलेले असेल तर त्याला कळावे आणि त्याने उठावे, म्हणून. हाक मारण्याची तिला मुभा नव्हती.

इतकी वर्षे ज्या खोकल्यावर मी सभा हेलावून सोडीत होतो, तो आजार नव्हता. तो आम्हां घरातल्या माणसांची अब्रू राखण्यासाठी तिने शोधलेला शिष्टाचार होता.

पॉम्पेई येथे ‘क्रिप्टोपोर्टिकसचे घर’ या नावाचेच एक घर आहे. त्याच्या भुयारी ओसरीच्या भिंतींवर ट्रॉयच्या युद्धाची चित्रे होती. पुढे त्याच ओसरीचे मद्याचे कोठार झाले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा त्या घराच्या आवारात काही माणसे राखेखाली सापडली. उत्खननात १९१४ मध्ये दोन देह एकमेकांना बिलगलेले आढळले. देह विरून गेल्यावर राखेत राहिलेल्या पोकळीत ओतलेल्या गिलाव्यातून त्यांची आकृती मिळाली आणि लोकांनी त्यांना दोन कुमारिका, दोन बहिणी, आई व मुलगी अशी नाती देऊन टाकली. शंभराहून अधिक वर्षे ती गोष्ट सांगितली गेली. २०२४ मध्ये त्यांच्या अस्थींतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. त्या दोघांपैकी निदान एक जण पुरुष होता आणि आई-मुलीचे वा सख्ख्या बहिणींचे नाते तेथे नव्हते. हे कन्येने सांगितले तेव्हा सौ. हळहळल्या. मी गप्प राहिलो. ज्यांना आपण कधी पाहिले नाही त्यांच्याविषयी आपले अज्ञान आपण मोकळे ठेवीत नाही. त्यात आपल्याला सोयीची, आपलेच डोळे पाणावतील अशी मूर्ती ओततो. माझी म्हातारी अशीच ओतीव होती. तिला वृद्ध केल्याने माझी करुणा सोपी झाली होती. बावीस वर्षांची एक तरुणी रोज पहाटे आपल्या भिंतीमागे उभी आहे, ही गोष्ट सभेत सांगणे इतके सोपे गेले नसते.

त्या पालकांना मी म्हटले होते, “तुमच्या मातोश्रींना भेटावे असे मला वाटते. त्यांची हरकत नसेल तर मी घरी येतो.” ते म्हणाले, “विचारून सांगतो.” आठवड्याने निरोप आला. बाई म्हणाल्या होत्या, मास्तरांना सांगा, आता नको.

प्रथम मला वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे हळूहळू रागाकडे झुकते आहे हेही जाणवले. मी येण्यास तयार असताना नको म्हणणे म्हणजे काय? या प्रश्नाने मीच दचकलो. पन्नास वर्षांपूर्वी घरात येऊ न देणे हा आमचा अधिकार होता. आज येऊ न देणे हा त्यांचा आहे. माझ्या क्षमायाचनेसाठी त्यांनी पुन्हा एकदा तो बोळ चालून यावे अशीच जणू माझी अपेक्षा होती. मी पुन्हा विचारले नाही. त्यांचे नाव त्यांच्या चिरंजीवांनी मला सांगितले आहे. ते मी लक्षात ठेवले आहे. छापण्याची परवानगी मी मागितलेली नाही.

दोन ऑक्टोबरची गोष्ट मी २०२४ पासून सांगत नाही.

रोमहून परतल्यावर एका रविवारी मी आमच्या जुन्या वाड्याकडे गेलो. वाडा आम्ही २००९ मध्येच विकला; तेथे आता तीन मजली इमारत आहे. पण शेजारच्या वाड्याची भिंत तशीच राहिल्यामुळे मागचा बोळ मात्र शिल्लक आहे. रोममधल्या भुयारांची लांबी-रुंदी वहीत टिपून घेणाऱ्या मला आपल्याच घरामागच्या या वाटेचे माप ठाऊक नव्हते. मी आत शिरलो. खांदे थोडे तिरपे धरल्यावाचून चालता येत नाही. डोक्यावर टोपली असेल तर मान वळविण्यास जागा नाही. गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारांच्या जागेपर्यंत मी पावले मोजली, त्रेचाळीस भरली. दोन उंच भिंतींमुळे बाहेर ऊन असताना तेथे सावली होती. गारवाही होता.

वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर मी त्या बोळातून प्रथमच चाललो होतो. परतताना गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल आडवी उभी होती आणि तिच्यावर बसलेला तरुण फोनवर बोलत होता. मी येतो आहे हे त्याला कळावे म्हणून मी सहज खोकलो. आणि मग तेथेच थोडा वेळ उभा राहिलो.